जुना पीसी, नवा जीव (भाग ६) : खोक्यावरचं नाव नको, चिप वाचा

गेल्या आठवड्यात मदरबोर्ड सुरू झाला. आता आवाजाकडे वळू.

वैरागसारख्या गावात जुनी मशीन मिळण्याची ठिकाणं ठरलेली : आडत दुकान, पतसंस्था, डीटीपीवाला, बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास आणि शेवटी भंगारवाला. पहिल्या दोन ठिकाणच्या मशीनमध्ये साउंड कार्डाची आशा फारशी ठेवू नका. दिवसभर पट्ट्या छापणाऱ्या मशीनला आवाजाची गरजच नव्हती. क्लासमधलं किंवा कुणाच्या घरचं, सीडी ड्राइव्हसकट घेतलेलं मशीन मिळालं तर मात्र आधी मागची बाजू बघा.

तीन-चार गोल भोकं आणि त्यांच्याशेजारी जॉयस्टिकचं पंधरा पिनांचं रुंद तोंड दिसलं की ते साउंड कार्ड. फसायला होतं ते या पंधरा पिनांमुळे. मॉनिटरच्या कार्डालाही पंधराच असतात, पण तीन ओळींत. जॉयस्टिकच्या दोन ओळींत. जुन्या नेटवर्क कार्डाचं तोंड तर हुबेहूब तसंच दोन ओळींचं असतं. फक्त त्याच्याजवळ आवाजाची भोकं नसतात. टेलिफोनची चौकोनी खाच दिसली तर तो मोडेम. आणि महाराष्ट्रात आणखी एक पाहुणा निघू शकतो : जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सीडॅकनं वाढवलेलं हे तंत्र डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणायचं. आवाजाशी त्याचा संबंध नाही, पण सापडलं तर कृपा करून भंगारात घालू नका.

कार्ड हाती आलं की त्याचा खालचा सोनेरी काठ पाहा. मदरबोर्डवरच्या लांब, काळ्या आयएसए स्लॉटचं कार्ड वेगळं आणि आखूड, पांढऱ्या पीसीआय स्लॉटचं वेगळं. डॉसचे खेळ खेळायचे असतील तर आयएसएच शोधा. याचं कारण डॉसच्या रचनेत आहे. विंडोजमध्ये खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर असतो. डॉसमधला खेळ थेट कार्डाशी बोलतो : पोर्ट २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १. पीसीआय कार्डाला हे पत्ते आपसूक नसतात. ते असल्याचं सोंग करावं लागतं आणि काही खेळ ते सोंग ओळखतात. मग खेळ गोठतो किंवा मुका होतो. साधारण २००० नंतरच्या बहुतेक बोर्डांवर आयएसए स्लॉट नाही, तेव्हा डॉससाठी मशीन निवडतानाच हे बघायला हवं होतं. बीएक्स चिपसेटचा पेंटियम टू किंवा थ्री बोर्ड असेल तर सहसा चिंता नाही.

आता नावाचा मोह. कॅनडातल्या ॲडलिबनं १९८७ मध्ये यामाहाची वायएम ३८१२ ही चिप वापरून पीसीला संगीत दिलं. सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं १९८९ च्या साउंड ब्लास्टरमध्ये तीच चिप घेतली, वर ध्वनिमुद्रित आवाजाची सोय जोडली, आणि बाजार मारला. तेव्हापासून साउंड ब्लास्टर म्हटलं की लोक डोळे झाकून पैसे मोजतात. माझं मत उलट आहे. १९९२ पासूनच्या साउंड ब्लास्टर १६ या एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळी कार्डं निघाली. काहींवर यामाहाची खरी वायएमएफ २६२ चिप आहे. नंतरच्या स्वस्त व्हायब्रा कार्डांत क्रिएटिव्हची स्वतःची नक्कल आहे आणि तिचं संगीत पत्र्यावर वाजवल्यासारखं लागतं. शिवाय साउंड ब्लास्टर प्रोसाठी लिहिलेल्या खेळांचा स्टिरिओ आवाज साउंड ब्लास्टर १६ वर मोनो होतो. याउलट वायएमएफ ७१९ चिपचं बिननावाचं कार्ड घ्या : त्यात खरं यामाहा संगीत आहे आणि प्रोची सुसंगतीही. ईएसएसचं ईएस १८६८ देखील चांगलं. नक्कल असली तरी ती कानाला पटते. म्हणून विकणाऱ्याकडून खोक्याचा नाही, चिपवरच्या अक्षरांचा फोटो मागा. क्रिएटिव्हचं कार्ड असेल तर सीटीनं सुरू होणारा क्रमांकही मागा. तो कार्डावरच छापलेला असतो.

पण सगळ्यांनी एवढी खटपट करायची गरज नाही. तुम्हाला फक्त 'डेव्ह' खेळायचा असेल तर कार्डच नको. तो कॅबिनेटमधल्या छोट्या स्पीकरवरच वाजतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि 'डूम'साठी वरची यामाहा-ईएसएस मंडळी. 'रोड रॅश'ची विंडोज ९५ वाली आवृत्ती ड्रायव्हर बसेल त्या कोणत्याही कार्डावर चालते; त्यासाठी सी-मीडियाचं साधं पीसीआय कार्ड पुरे. डॉस आणि विंडोज, दोन्हीचे खेळ हवे असतील आणि बोर्डवर जागा असेल तर दोन्ही कार्डं बसवा, मात्र त्यांचे आयआरक्यू वेगळे ठेवा.

बसवण्याआधी सोनेरी काठ पांढऱ्या खोडरबरनं पुसा, चुरा झटका. काही जुन्या कार्डांवर स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर असतो आणि तो खरखर वाढवतो. आपले स्पीकर स्वतःच्या विजेवर चालणारे असतील तर लाइन-आउटचं भोक वापरा. ते वेगळं नसेल तर ॲम्प्लिफायर बंद करणारा जंपर शोधा. सीडीवरची गाणी मात्र अजून ऐकू येणार नाहीत. त्यासाठी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत चार पिनांची बारीक वायर लागते. ती पुढच्या आठवड्यात.