उभ्या गाडीतली मूठ

एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या पिकअपला १७ इंची रिमवर २६५/६५ मापाचे टायर आहेत. ते झिजले. टायरवाला म्हणतो, त्याच रिमवर २८५/७० घाला, गाडी रुबाबदार दिसेल. 'मडगार्डखाली माझी अख्खी मूठ जाते, तरी टायर घासेल का?' असं ते विचारतात. मुठीचं माप मला आवडलं. गॅरेजमध्येही हेच माप चालतं आणि घोळही तिथेच होतो.

आधी हिशोब. टायरच्या मापात एककांची खिचडी असते. रुंदी मिलिमीटरमध्ये, रबराची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत. २६५ चे ६५ टक्के १७२, ते रिमच्या वर एकदा, खाली एकदा. १७ इंच म्हणजे ४३२ मिमी. एकूण व्यास ७७६ मिमी. टायरवाल्याचा टायर भरतो ८३१. फरक साडेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे त्रिज्येत जेमतेम २७ मिमी. मूठ त्याच्या तिप्पट असते. मग घासायचं कारणच काय?

कारण मूठ घातली तेव्हा गाडी उभी होती, रिकामी होती आणि चाकं सरळ होती. चालत्या गाडीचं चाक वळतं, खड्ड्यात वर उसळतं आणि ब्रेक दाबला की रबरी बुशांच्या लवचीकपणामुळे थोडं मागेही सरकतं. घाटातल्या वळणावर, भरल्या गाडीत, खड्डा दिसून ब्रेक मारला की हे तिन्ही एकदमच होतं. चाक जिथे जिथे पोहोचू शकतं, ती सगळी जागा मोकळी हवी. कंपनी जी पोकळी सोडते ती चिखल, खडे आणि थंड मुलखात टायरला बांधायच्या साखळ्या यांचाही विचार करून.

हे दुखणं पेट्रोलच्याही आधीचं आहे. इथे मला जरा भरकटू द्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आठवा, २०१५ साली उच्च न्यायालयाने बंद करायला सांगितलेल्या. त्यांची पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असत. अशा जुन्या चारचाकी बग्ग्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरे आणि वळताना एक चाक गाडीच्या पोटाखाली शिरे. मोठं चाक असतं तर घासलंच असतं. म्हणून बग्गीवाल्यांनी पुढची चाकंच लहान केली आणि विषय मिटवला.

पण तेवढ्यावर ज्याचं समाधान झालं नाही तो डॉक्टर होता. इंग्लंडमधल्या लिचफील्डचे इरॅस्मस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा. रोगी तपासायला त्यांना खराब रस्त्यांवरून बग्गीने सतत हिंडावं लागे. वळताना आस तिरपा झाला की बग्गीचा तोल जातो, हे त्यांनी हेरलं होतं. १७५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तोड काढली. आस जागचा हलवायचा नाही, प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवायचं, आतलं जास्त, बाहेरचं कमी. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढे म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्सपर्गर या बग्गीकाराने हीच युक्ती स्वतंत्रपणे काढली आणि त्याच्या वतीने १८१८ मध्ये लंडनच्या रुडॉल्फ अकरमान यांनी इंग्लिश पेटंट घेतलं. अकरमान साधे आसामी नव्हते. छापील चित्रांचे नामांकित प्रकाशक, आणि नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यांनीच आखलेला. पण या शोधात त्यांचं काम एजंटाचं. तरी ऑटोमोबाइलच्या पुस्तकांत आजही छापलेलं असतं 'अकरमान भूमिती'! कार्ल बेंझ यांना स्टेअरिंगचं कोडं मनासारखं सुटेना म्हणून त्यांची १८८६ची पहिली मोटार तीनचाकी निघाली. १८९३ मध्ये त्यांनी या पद्धतीचं स्टेअरिंग बसवून चारचाकी आणली. तिचंही नाव व्हिक्टोरियाच. नातू चार्ल्स डार्विनचं नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं. आजोबांचं स्टेअरिंग मात्र आपण रोज फिरवतो आणि श्रेय एजंटाला देतो.

आता परत पिकअपकडे. आतलं चाक जास्त वळतं, हीच गोष्ट मोठ्या टायरला नडते. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण मारलं की उजव्या चाकाची पुढची कड बाहेर येते आणि मागची आत शिरते. तिथे केबिन चासीवर जिथे बसते ती लोखंडी बैठक असते. पहिली काळी रेघ बहुधा तिच्यावरच उमटते. अमेरिकेत टोयोटा टॅकोमाचे मालक २६५/७० आर १६ काढून २८५/७० आर १७ बसवतात, तेव्हा अनेकांना हीच बैठक नडते. मग ते तिचा कोपरा कापून वर पत्रा वेल्ड करतात. या कापाकापीला तिथे 'कॅब माउंट चॉप' असं रीतसर नावच आहे. केबिन ज्यावर उभी आहे तेच कापायचं, टायरसाठी!

रुंद टायर आत चासीला लागू नये म्हणून कमी ऑफसेटची रिम किंवा स्पेसर घालून चाक बाहेर काढायचाही रिवाज आहे. आतली बाजू सुटते, हे खरं. पण चाक आपल्या खिळीभोवती फिरतं. खुंट्याला बांधलेल्या वासराचा दोर वाढवला की त्याचं रिंगणही वाढतं, तसंच हे. चाक २५ मिमी बाहेर काढलं आणि ३५ अंश वळवलं, तर ते आणखी सुमारे १४ मिमी मागे जातं. टायरने २७ खाल्ले होते, त्यात रिमचे १४.

लिफ्ट किटवाल्यांचा दावा तर याहून मोठा. गाडी दोन इंच उचलली की उभ्या गाडीत मूठच काय, वीत जाईल. पण स्प्रिंग पूर्ण दबल्यावर चाक बंप स्टॉपवर जाऊन थांबतं आणि किटने तो बंप स्टॉप खाली घेतला नसेल, तर चाक पूर्वी पोहोचायचं तिथेच पोहोचणार. फार तर कमी वेळा. शिवाय मागच्या आसाच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखालची उंची किटने एका मिलिमीटरनेही वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते. खरा उपयोग कंटाळवाण्या कामांचा असतो. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर वाढवून चाक काही मिलिमीटर पुढे घेणं, मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर तापवून मागे दाबणं, बंप स्टॉपची उंची वाढवणं. चाक पुढे घेतलं तर मग बंपरकडची बाजूही तपासावी लागते.

त्यातून सगळं जमलं, तरी २८५/७० घातल्यावर व्यास सात टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा टायर जुन्या टायरपेक्षा सात टक्के जास्त अंतर कापत असतो. डिस्क त्याच राहतात, त्यामुळे थांबायला ब्रेक जास्त दाबावा लागतो आणि भरली गाडी चढाला ओढताना इंजिन अडखळतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तर प्रश्नकर्त्यांना माझं उत्तर असं. २८५ नको. हौस असेलच तर त्याच रिमवर २६५/७०. व्यास ८०३ मिमी, त्रिज्येत वाढ १३ मिमी, काट्यात फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. तेही आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारून. टायर बसला की पुढचं एक चाक रॅम्पवर चढवा, अस्तराला खडू फासा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग दुसरं चाक चढवून तेच करा. खडू पुसला गेला तर पैसे देऊ नका.