खुज्या केमनचं घर : चार भिंतींच्या आत ओढा

आज ज्या प्राण्याबद्दल बोलायचं आहे तो दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. नाव क्युव्हिएचा खुजा केमन, शास्त्रीय नाव पॅलिओसुकस पॅल्पिब्रोसस. मगर म्हणा, पण घराणं अ‍ॅलिगेटरचं. नर साधारण दीड मीटर, मादी सव्वा मीटरच्या आसपास. आपल्या नदीतल्या मगरीपुढे हा अगदीच बुटका. आणि नेमकं हेच त्याच्या मुळावर येतं. ‘लहान आहे, घरात मावेल’ असं म्हणून युरोपात, अमेरिकेत लोक हा प्राणी पाळतात. पिल्लू वीतभर असतं, काचेच्या टाकीत छान दिसतं. पण हा जीव काही दशकं जगतो. तेव्हा घर बांधायचं ते पिल्लाचं नाही, पूर्ण वाढलेल्या जनावराचं, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता आराखडा काढण्याआधी तो मुळात राहतो कुठे ते बघू. मोठ्या नदीच्या वाळूवर ऊन खात पडलेली मगर आपल्या डोळ्यांसमोर असते. हा तसा नाही. हा सावलीतल्या ओढ्यांत, पुराचं पाणी शिरणाऱ्या जंगलात, काठाच्या बिळांत राहतो. रात्री हिंडतो. ब्राझीलमध्ये डोंगरउतारावरच्या ओढ्यांत अभ्यासकांनी त्याच्या शरीराचं तापमान मोजलं, तेव्हा ते इतर मगरींपेक्षा बरंच कमी आढळलं. म्हणजे खोलीची भट्टी करायची गरज नाही. पाणी 25 ते 27 अंश सेल्सिअस, आणि जमिनीवर एकच जागा दिव्याखाली 32-33 अंशांपर्यंत तापलेली. खाल्लेलं पचवायला ऊब लागते, ती तो तिथे येऊन घेईल आणि नको झाली की निघून जाईल. निवड त्याच्या हाती राहिली पाहिजे. हवा मात्र पाण्यापेक्षा थंड नको. नाकपुड्या सदैव पाण्याच्या वर, म्हणजे शरीर कोमट आणि छातीत जाणारी हवा गार, हे चांगलं नाही.

पाण्याचा भाग निम्म्याहून जास्त ठेवा. खोली एवढी हवी की तो पूर्ण बुडेल आणि शेपटी न दुमडता वळेल. शिवाय एका बाजूला उथळ कट्टा हवा, जिथे पाय टेकून नुसतं नाक बाहेर काढून तो तासन्‌तास पडून राहील. समजा हौद 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 60 सेंटिमीटर खोल. किती पाणी झालं? 3,600 लिटर. वजन 3.6 टन! दर चौरस मीटरला 600 किलो. राहत्या घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो. म्हणजे तिप्पट भार, आणि त्यात हौदाचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही. वरच्या मजल्यावर हा प्रयोग करायचाच नाही. तळमजला, तोही इंजिनिअरला दाखवून.

तेच पाणी 16 अंशांवरून 26 वर न्यायला साधारण 42 युनिट वीज लागते, म्हणजे तीन किलोवॉटचा हीटर 14 तास. पण एवढं पाणी निवायलाही वेळ लागतो, त्यामुळे वीज गेली तरी जनावर लगेच गारठत नाही. हीटर हौदात ठेवायचा नाही. काचेचा हीटर जबड्यात किंवा शेपटीच्या फटक्यात फुटतो, आणि पाण्यात वीज म्हणजे जनावर आणि माणूस दोघंही धोक्यात. पाणी बाहेर नेऊन तापवायचं, आणि आरसीसीबी लावल्याशिवाय एकही तार जोडायची नाही.

पंपाबद्दल एक सांगतो, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. मगरींच्या जबड्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात ना, ती स्पर्शेंद्रियं आहेत. पाण्यातली अगदी हलकी लहरही त्यांना कळते. हौदाला चिकटवलेला घरघरणारा पंप आपल्याला ऐकू येत नसेल, त्याला तो चोवीस तास जाणवतो. पंप बाहेर, रबराच्या गादीवर ठेवा. फिल्टर भरपूर मोठा घ्या, कारण खाणं पाण्यात आणि विष्ठाही पाण्यातच. तळाला मोठं निकासी भोक हवं, त्यावर जाळी.

भिंती-फरशीला खरखरीत सिमेंट नको. पोट आणि तळवे सोलले जातात. इपॉक्सीचा गुळगुळीत लेप द्या, फक्त चढणीच्या उतारावर पकड ठेवा. सुटे खडे, नाणी, प्लॅस्टिक काहीही नको, गिळतो. आणि हा बुटका चढतो बरं का! कोपऱ्यातल्या ओंडक्यावरून, पाइपवरून सहज वर जातो. भिंतीच्या कडेला आतल्या बाजूला वळवलेली पट्टी हवी, दिव्यांना जाळी हवी.

लपायला बीळ द्याच. उघड्यावर ठेवलेला केमन शांत दिसतो, प्रत्यक्षात तो घाबरून गोठलेला असू शकतो.

राहता राहिला माणूस. दार एकामागे एक असं दुहेरी, आणि हौद धुताना जनावराला पलीकडे कोंडता येईल असा सरकत्या दाराचा कप्पा. त्याच्यासोबत आत उभं राहून सफाई, हे चालणार नाही. दीड मीटरचा असला तरी जबडा मगरीचाच आहे.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय : आपल्याकडे पाळता येईल का?

ब्रिटनमध्ये 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो देण्याआधी पशुवैद्य जागा तपासतो. ही प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यातही अशा विदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली आहे. पण कागद बाजूला ठेवू. सुट्टीवर गेलात तर या हौदाकडे कोण बघेल? मगरीवर उपचार करणारा डॉक्टर तुमच्या गावात आहे का? या दोन्हीला उत्तर नसेल तर माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मग हा आराखडा कुणासाठी? प्राणिसंग्रहालयांसाठी, आणि लोकांच्या घरांतून सुटका करून आणलेली जनावरं जिथे येतात त्या केंद्रांसाठी.