स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं

अमोक्सिसिलिनची स्ट्रिप उलटी करून पाहा. ठळक नाव एका कंपनीचं, पण बारीक अक्षरांत ‘उत्पादक’ म्हणून बरेचदा दुसरीच कंपनी, पत्ता कदाचित हिमाचलातल्या बद्दीचा. लग्नाचं आमंत्रण यजमानाचं आणि स्वयंपाक आचाऱ्याचा, तसंच हे. आचाऱ्याचा किराणा, म्हणजे औषधाचा कच्चा माल, मात्र आणखी दुरून येतो.

या औषधाचं मूळ पेनिसिलिन-जी. ते बनवायला अवाढव्य टाक्यांत बुरशीला साखर खाऊ घालायची, दिवसरात्र हवा सोडत ढवळत राहायचं. विजेचं बिल अफाट. आपल्या पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ १९५४ साली पेनिसिलिनसाठीच उभी राहिली. पुढे चीनमधून इतका स्वस्त माल आला, की भारतातल्या टाक्या एकेक करून थंडावल्या. असा कारखाना बंद पडला की नुसती यंत्रं गंजत नाहीत. वर्षानुवर्षं जोपासलेली बुरशीची जात आणि तिची नस ओळखणारी माणसंही हातची जातात. हे नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. तरी आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा तयार व्हायला २०२४ उजाडलं.