साठ पीएसआयची हवा

पीएसआय म्हटलं की मला अजून फौजदारच आठवतो. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मात्र सकाळी सातलाच पोरांचा पुकारा चालला होता, ‘पुढे ४५ पीएसआय, मागे ६०!’ बग्गी जॅकस्टँडवर चढवलेली, चारही चाकं अधांतरी. धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर पूर्ण उलगडलेला असतानाच त्यातल्या हवेचा दाब मोजायचा, हा इथला पहिला नियम. गाडी जमिनीवर ठेवून मोजलं तर तिचं वजनही काट्यात शिरतं.

ही बाजा स्पर्धेची गाडी. भारतात २००७ साली इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झालेल्या या स्पर्धेत पोरं स्वतः बांधलेली गाडी दगडधोंड्यांतून सलग चार तास पळवतात. इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं. म्हणजे पुढे जायचं तर खड्ड्यात चाक जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे.

या शॉकवर स्प्रिंग दिसत नाही. तिचं काम कोंडलेली हवा करते. स्प्रिंग दुप्पट दाबली की दुप्पट जोराने ढकलते. हवा अशी सरळमार्गी नाही. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबून पाहा, शेवटची दोन बोटं जागा किती हट्टाने अडवते! बाहेरच्या वातावरणाचा पंधराएक पीएसआय हिशेबात धरला, तर आतली जागा निम्मी झाल्यावर ६० चे १३५ होतात आणि आणखी निम्मी झाल्यावर २८०च्या वर. म्हणून ही गाडी छोट्या खडीवर मऊ आणि उडीनंतर कडक. हलक्या गाडीला हे फार सोयीचं.

हवा भरायला हातातला लहान पंप लागतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही. शॉकमधली जागा इतकी थोडी, की एका फटक्यात दाब कुठल्या कुठे जाईल. गंमत अशी, की तपासायला नळी लावली की शॉकमधलीच थोडी हवा नळीत शिरते आणि काटा उतरतो. काढताना फुस्स होतं ती हवा नळीतली असते. पहिल्या वर्षाचा एक मुलगा त्या आवाजाला घाबरून पुन्हा भरू लागला, तर सस्पेन्शन बघणारी मुलगी ओरडली, ‘अरे, तू मोजतोयस की बिघडवतोयस?’

मग गाडी खाली उतरली. हेल्मेटसकट ड्रायव्हर बसला, टाकीत पेट्रोल भरलं, चौघांनी गाडी हिंदोळली. शॉकमधली हवा कोंडून धरणारं सील अडून बसलेलं असलं तर उंची खोटी दिसते. जमिनीपासून चेसिसपर्यंत टेपने मापं घेतली. मागची डावी बाजू पाच मिलीमीटर खाली. दोन पीएसआय वाढवले, पुन्हा हिंदोळा, पुन्हा टेप. चार वेळा. मला वाटलं, एवढ्यात माझा चहा दोनदा झाला असता.

मैदानावर खरा साक्षीदार वेगळाच होता. शॉकच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधलेला. शॉक दबतो तसा तो सरकतो आणि जिथवर दबला तिथेच थांबतो. मोठ्या उंचवट्यावरून उडी मारून गाडी परतली, तेव्हा टायच्या पुढे तीनेक मिलीमीटर नळी उरली होती. ‘काका, हे बरोबर,’ सस्पेन्शन बघणारी ती मुलगी म्हणाली. ‘टोकाला लागला असता तर कमी हवा. अर्ध्यातच थांबला असता तर उगाच जास्त.’

दुपारी शॉकला हात लावला तर चांगलाच तापलेला. सकाळच्या बारा अंशांत भरलेले ६० पन्नास अंशांवर ७०च्या घरात जातात, म्हणून वहीत तिने दाबाशेजारी वेळ आणि तापमानही लिहिलं होतं. तीन शॉक त्या हिशेबाने चढले होते. मागचा डावा मात्र ६४वरच. सकाळी चार वेळा जो खाली दिसला, तोच. तिने साबणाचं पाणी मागवलं, ब्रशने सीलच्या कडेला लावलं. घमेल्यात बुडवलेल्या ट्यूबकडे पाहावं तसे आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. अर्ध्या मिनिटाने धुळीने माखलेल्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगू लागला.