सैबेरियाहून वळिवड्यास

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठ सोलापूरसारख्या कापडाच्या गांवास नव्यानें सांगावयास नको. पण मिरजेहून कोल्हापूरकडे जातांना वळिवडें हें लहानसें स्टेशन लागतें, त्या परिसरांत 1943 ते 1948 पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश माणसें राहत होतीं, हें पुष्कळांच्या कानावर नसेल. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं.

सप्टेंबर 1939 मध्यें जर्मनी व रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला. रशियाच्या वांट्यास गेलेल्या पूर्व भागांतून फेब्रुवारी 1940 पासून कुटुंबेंच्या कुटुंबें मालगाडींत कोंडून सैबेरिया, उत्तर रशिया व कझाकस्तान येथें धाडण्यांत आलीं. तेथें गुडघाभर बर्फांत लांकूडतोड करावयाची, आणि जेवढें काम तेवढीच भाकरी. जूनमध्यें नेलेल्यांत बहुसंख्य ज्यू होते. हिटलरच्या भीतीनें पश्चिम पोलंडांतून पळून आलेल्या या लोकांनीं रशियन नागरिकत्व पत्करलें नव्हतें.

मागें राहिले ते सुदैवी, असेंच तेव्हां कोणालाही वाटलें असेल. परंतु जून 1941 मध्यें जर्मन फौजा तेथवर आल्या, आणि मागें राहिलेल्या ज्यूंपैकीं फारच थोडे वांचले. ज्या हद्दपारींत थंडीनें व उपासमारीनें आप्त दगावले, तिनेंच उरलेल्यांचा जीव राखला! तिला दया म्हणण्यास मात्र माझी जीभ रेटत नाहीं. नेणारांचा तो हेतुच नव्हता.

30 जुलै 1941 च्या करारानें या लोकांची सुटका झाली. पुढील वर्षीं अनेकजण जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत पोंचले. तेथून वाटा फुटल्या. इराकनें रस्ता नाकारल्यामुळें सातशेंहून अधिक ज्यू मुलांना बोटीनें कराचीस आणून सुएझमार्गें पॅलेस्टाइनला न्यावें लागलें. फेब्रुवारी 1943 मध्यें तीं तेथें पोंचलीं. कांहीं पोलिश मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें 1942 मध्येंच आश्रय दिला होता. मोठी वसाहत झाली ती वळिवड्यास. तेथें बराकी उठल्या. शाळा, दवाखाना, चर्च उभें राहिलें.

युद्ध संपलें, पण परतावयाचें कोठें? 1945 च्या याल्टा परिषदेनें त्यांचा मुलूख रशियाकडेच राहिला. थोडे पोलंडांत गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जेथें दार उघडलें तेथें गेले. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत पुढें फाळणीनें घरदार सुटलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. तेंच आजचें गांधीनगर.