पीआरमधली इंटर्नशिप: मराठी चांगलं असेल तर नक्की करा!
मास मीडियाच्या मुलांनो, पीआर एजन्सीतली इंटर्नशिप म्हणजे इव्हेंटला मिरवणं नव्हे. सकाळी पेपर चाळून क्लायंटच्या बातम्यांची कात्रणं काढायची, पत्रकारांची यादी ताजी ठेवायची आणि प्रेसनोट लिहायची. खरा कस लागतो तो प्रेसनोटमध्येच! १९०६ साली अमेरिकेतल्या रेल्वे अपघातानंतर पीआर सल्लागार आयव्ही ली यांनी काढलेलं पत्रक ही पहिली प्रेसनोट मानली जाते. माहिती दडपण्याऐवजी आपणहून देणं, हे तेव्हा नवीन होतं. आजही कोण, काय, कधी, कुठे हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. इंग्रजी प्रेसनोट सहज मराठीत उतरवता आली तर मुंबई-पुण्यात तुमचं पारडं जड. स्टायपेंडचं आधीच विचारून घ्या. आणि अर्जासोबत स्वतः लिहिलेली एक प्रेसनोट जोडा, कॉलेज फेस्टिव्हलची असली तरी चालेल.