दुसरी प्रत, दुसऱ्या घरी

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याच्या नोकरीने येथील सेक्टरांमध्ये अनेक मराठी कुटुंबेही स्थिरावली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून बिऱ्हाड नेहरूनगरला, रिसालीला किंवा थेट नागपूरला हलवायचे, हा परिचित क्रम. पूर्वी अशा वेळी कागदपत्रांची ट्रंक जिवापाड सांभाळली जाई. आता निवृत्तिवेतनाचे कागद, विमापत्रे, लग्नकार्याची छायाचित्रे बहुधा संगणकात असतात. संगणक बंद पडला की ट्रंकच हरवते.

यावर बाह्य हार्ड डिस्क हा सोपा उपाय आहे; परंतु तिच्या वापरात एक चूक सर्रास होते. संगणकात जागा उरत नाही म्हणून फाइली डिस्कवर हलविल्या जातात आणि मूळ ठिकाणाहून पुसल्या जातात. हा बॅकअप नव्हे. प्रत पूर्वीही एकच होती, आताही एकच आहे. फक्त ती अधिक नाजूक वस्तूत गेली.

नाजूक अशासाठी की हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचन करणारे शीर्ष त्यांना न टेकता केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. चालू असताना डिस्क टेबलावरून पडली, तर शीर्ष चकतीवर आदळून माहिती खरवडली जाऊ शकते. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, म्हणून ती धक्के सोसते. मात्र वर्षानुवर्षे वीज न मिळता कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील माहितीचीही खात्री देता येत नाही.

प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून सोडवून ठेवणे आवश्यक आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. अशा हल्ल्यात जोडलेली डिस्कही सुटत नाही. पावसाळ्यात वीज कोसळून विद्युतदाब उसळला, तरी हाच धोका.

पण सोडविलेली डिस्क त्याच खोलीत असेल, तर आग आणि चोरी दोन्ही प्रती एकदमच नेतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य नस्ती जळाल्या. घरगुती प्रमाणात हाच विचार लागू पडतो. भिलाईकरांची मुले-सुना अनेकदा नागपूर-पुण्यात असतात; एक डिस्क घरी, दुसरी त्यांच्याकडे, आणि सणावाराला अदलाबदल, ही व्यवस्था बिनखर्चाची आहे. बँकेतील लॉकरही त्यासाठी उपयोगी पडतो. (मूळ खरेदीखताची जागा मात्र कोणतीही स्कॅन प्रत घेऊ शकत नाही, ते जपावेच लागते.)

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला सांकेतिक कुलूप घालावे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ‘बिटलॉकर’ची सोय आहे. तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून डिस्कपासून वेगळी ठेवावी. पासवर्ड विसरला आणि तीही हरवली, तर मालकालाही डिस्क उघडत नाही. एटीएमचा पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड अशा फाइलींत लिहून ठेवूच नये.

दर सहा महिन्यांनी डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. फाइलींची नावे दिसणे आणि फाइली उघडणे यांत फरक असतो, आणि तो नेमका गरजेच्या दिवशीच कळतो.